साठ पौंडांचं ओझं

ताडोबाहून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘दिसला का?’ कोण, ते सांगावं लागत नाही. तो मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, ‘अगदी जवळून टिपला!’ टिपणे हे आपल्याकडचं मोठं इमानदार क्रियापद. पूर्वी बंदुकीने टिपत, आता कॅमेऱ्याने टिपतात. भाषेने दोहोंत फरक करायची तसदी घेतलेली नाही.

सफारी हा शब्दही तसा आपल्या नात्यातला. अरबी ‘सफर’ फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि समुद्रापलीकडे स्वाहिलीत त्याच घरातली ‘सफारी’ नांदू लागली. पण एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर या शब्दात मौजेचा लवलेश नव्हता. हस्तिदंत, कापडाचे तागे, मणी आणि तार डोक्या-खांद्यावर घेऊन महिनोन्‌महिने चालणारा माणसांचा तांडा म्हणजे सफारी. त्सेत्से माशीच्या मुलखात बैल-घोडे तग धरत नसत, म्हणून माल माणसानेच वाहायचा. झांझिबारला उतरणाऱ्या हस्तिदंतातलं पुष्कळसं मुंबईच्या बाजारात येई. काहीच्या बांगड्या होत, बाकीचं पुढे लंडनला जाई. गोरा शिकारी या वाटेवर बऱ्याच उशिरा आला. वाटा, पाणवठे, ओझी बांधायची रीत, मजुरीचे दर हे सगळं त्याला आयतं मिळालं.

हौशी शिकाऱ्याचा मूळपुरुष शोधू गेलं तर माग निघतो मुंबई इलाख्यात. कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हा कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनिअर्समधला अधिकारी. 1836 मध्ये तब्येतीसाठी रजा घेऊन तो दक्षिण आफ्रिकेत केपला गेला आणि विश्रांती घ्यायची सोडून बैलगाड्या जुंपून उत्तरेला शिकारीसाठी निघाला. त्याच्यापुढे व्यापार नव्हता, धर्मप्रचारही नव्हता. मनसोक्त शिकार करायची, नमुने गोळा करायचे आणि परतल्यावर पुस्तक लिहायचं, हा साचा त्यानेच घालून दिला. मागे कमानीसारखी वळलेली शिंगं असलेलं काळंभोर सेबल हरीण शास्त्राच्या दप्तरात प्रथम त्याने नोंदवलं. अर्थात, गोळी घालून. पुस्तक 1838 मध्ये छापलं गेलं तेही मुंबईत, मराठी मुद्रणाच्या इतिहासात ज्याचं नाव वारंवार येतं त्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये. 1848 मध्ये हॅरिस पुण्याजवळ तापाने वारला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. मॅटाबेलेंचा राजा मझिलिकाझी याच्या मुलखातून जायला हॅरिसला नजराणे देऊन त्याची मर्जी राखावी लागली होती. पुढे गोऱ्यांचं राज्य आल्यावर शिकाऱ्यांना ही अडचण उरली नाही.

तांड्याची बाजू पाहायची तर नाशिकला यावं. शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसं जातात. त्या शरणपुरात गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. इथे लिहायला-वाचायला आणि हातचे धंदे शिकलेली मुलं पुढे ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली गेली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या मोहिमेत त्यांतले काही होते. 1873 मध्ये आजच्या झांबियात तो मेला, तेव्हा सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या साथीदारांच्या पुढाकाराने तांड्याने ठरवलं, की साहेबाला इथे टाकून जायचं नाही. काळीज झाडाखाली पुरलं, देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला आणि कापडात गुंडाळून सुमारे दीड हजार किलोमीटर चालत किनाऱ्यावर आणला. दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं ते शरणपूरच्या जेकब वेनराइटने. पुढे 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. तांड्यातल्या माणसाचं नाव इतिहासात यायचं तर ओझंही तसंच लागतं, असं दिसतं.

बाकीच्यांची ओझी साधी होती. माणशी साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलो, हे तांड्याचं रूढ माप. अमेरिकेचं अध्यक्षपद सोडल्यावर थिओडोर रूझवेल्ट एप्रिल 1909 मध्ये मोंबासाला उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर पिशवीएवढी नाही तर पेटीभर पुस्तकं होती, डुकराच्या कातड्यात बांधून घेतलेली. पेटी मुद्दाम अशी बेतली होती, की पुस्तकांसकट तिचं वजन साठ पौंडांच्या आत राहावं. एका माणसाच्या डोक्यावर एक ग्रंथालय! संग्रहालयासाठी जमवायची कातडी टिकवायला चार टन मीठ होतं. ते एकदम हलवायचं म्हटलं असतं, तर नुसत्या मिठालाच दीडशेच्या आसपास माणसं लागली असती. रूझवेल्ट आणि त्याचा मुलगा कर्मिट यांनी मिळून 512 जनावरं मारली. त्यांत 17 सिंह, 11 हत्ती आणि 20 गेंडे होते, आणि त्या गेंड्यांपैकी नऊ नाइलकाठच्या लाडो भागातले पांढरे. पांढरा गेंडा दुर्मीळ आहे हे माहीत होतं. म्हणूनच तो संग्रहालयात हवा होता. त्या उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या आज केनियात दोन माद्या उरल्या आहेत. शेवटचा नर 2018 मध्ये गेला. रूझवेल्टला नुसता खाटीक म्हणून मोकळं होता येत नाही, कारण स्वतःच्या देशात त्याने अफाट जंगलं राखली होती. शिकारी आणि रक्षक एकाच कातडीत राहू शकतात. आपल्याकडचा जिम कॉर्बेट आठवावा.

त्या काळी पूर्व आफ्रिकेत चलन रुपयाचंच होतं, त्यामुळे हिशेब आपल्याला चटकन कळतो. पाहुण्या शिकाऱ्याचा परवाना 750 रुपयांचा, तर हमालाची महिन्याची मजुरी दहा रुपयांच्या आसपास. म्हणजे साहेबाचा एक परवाना मिळवायला हमालाने सहा वर्षं न खाता-पिता ओझं वाहायचं. ज्याच्याकडे परवाना त्याची ती शिकार, ज्याच्याकडे नाही त्याची चोरी. त्सावोच्या रानात वाटा जमातीचे लोक विषारी बाण आणि भलीमोठी धनुष्यं घेऊन पिढ्यान्‌पिढ्या हत्ती मारत आले होते. 1948 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1956-57 च्या धडक मोहिमेत ही माणसं तुरुंगात गेली. हस्तिदंताचे व्यापारी त्यांच्याकडून माल घेत, हे खरं. पण बंदुकीच्या मेजवान्या झडत असताना कायद्याची नजर नेमकी धनुष्यावर पडली, याचं नवल वाटतं. खरं तर वाटू नये.

मग बंदूक गेली. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि कॅमेरे आले. शिकाऱ्यांची यादी तेवढी मागे राहिली. ‘बिग फाइव्ह’ म्हणून पर्यटकाला जे पाच प्राणी दाखवतात, सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा, ते पायी शिकारीत सर्वांत धोक्याचे म्हणून निवडलेले. जिराफाने कोणाला धाक घातला नाही, म्हणून तो यादीत नाही. फोटोत माणूस येऊ नये ही अपेक्षाही जुनीच. सेरेंगेटीतून मसाई गुराख्यांना 1959 मध्ये उठवून एन्गोरोंगोरोच्या बाजूला पाठवलं, तेव्हा कुठे तो ‘अस्पर्श’ गवताळ मुलूख कॅमेऱ्यासाठी मोकळा झाला. आपल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातूनही गावं उठली आहेत. काही राजीखुशीने, काही ‘राजीखुशीने’.

जिथे गाडी जात नाही, तिथे तांडा अजून चालतो. किलिमांजारोवर आता आपल्याकडचेही पुष्कळ लोक जातात. तंबू, खुर्च्या, गॅसच्या टाक्या, अंड्यांचे ट्रे असं सगळं स्थानिक हमाल वर नेतात आणि पाहुणा दमत-भागत मुक्कामावर पोचतो तेव्हा तंबू उभा असतो, पाणी गरम असतं. 5,895 मीटरवरून परतल्यावर प्रमाणपत्र मिळतं, त्यावर चढणाऱ्याचं नाव असतं. उद्यानाच्या फाटकाशी काटा ठेवलेला आहे, तिथे हमालांची ओझी तोलतात. नियमाने आता वीस किलोंची मर्यादा आहे. रूझवेल्टच्या हमालाच्या साठ पौंडांपेक्षा सात किलोंनी कमी.