दंडाची समता

चौकाचौकांत कॅमेरे बसल्यापासून हवालदाराच्या मुठीत चिरीमिरी सरकवून पावती टाळण्याची जुनी, लाजिरवाणी रीत पुष्कळ कमी झाली, हे यंत्राचे उपकार कोणीही प्रांजळपणे मान्य करावेत. ज्या देशात 2022 या एका वर्षात 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली, तेथे दंड नसावा असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु रक्कम सर्वांना सारखी ठेवली म्हणजे शिक्षाही सारखी झाली, ही समजूत मला अन्यायमूलक वाटते.

मुंबईत पाळीने रिक्षा चालविणारा मनुष्य मालकाचे भाडे आणि गॅसचा खर्च वजा जाता जे काही घरी नेतो, त्यातून हजार रुपयांचे चलान भरावयाचे म्हणजे मुलाच्या शिकवणीची फी किंवा वाण्याची उधारी पुढे ढकलणे आले. बंगलेवाल्याला मात्र तीच रक्कम नियम मोडण्याचे माफक भाडे वाटते. शिवाय कॅमेऱ्याला दिसते ती नंबरप्लेट, माणूस नव्हे. चलान मालकाच्या मोबाईलवर येते, मालक ते चालकाच्या हिशेबातून वळते करून घेतो, आणि मागून रुग्णवाहिका आली म्हणून पुढचे चाक पांढऱ्या रेघेपलीकडे गेले, ही हकीकत ज्याने सांगावयाची त्याचे नावच दफ्तरात नसते. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. पण कागदोपत्री जो कोणी नाही, त्याने दाद मागावी कशी?

फिनलंडमध्ये 1921 पासून दंड दिवसाच्या मिळकतीच्या मापाने मोजण्याची पद्धत आहे. 2023 मध्ये तेथील ऑलंड बेटांवर अँडर्स विक्लोफ या धनाढ्य उद्योजकाने ताशी 50 किलोमीटरच्या मर्यादेत 82 च्या वेगाने मोटार हाकली, तेव्हा त्यांना 1 लाख 21 हजार युरो भरावे लागले.

आपल्याकडे प्रत्येकाची मिळकत शोधावी कोणी, हा आक्षेप रास्त आहे. मात्र मोटारीचा एकरकमी कर महाराष्ट्रात आजही किमतीनुसार चढत्या दराने आकारला जातो, म्हणजे कोणती मोटार किती किमतीची याची नोंद परिवहन खात्याच्या दफ्तरी आहेच; आणि तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांची रक्कम ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 ने राज्य सरकारला दिलेला आहे. ती नोंद चलानाशी जोडून रक्कम चढउतारी करावी, आणि पाळीच्या चालकास स्वतःच्या नावाने तक्रार गुदरण्याची मुभा द्यावी, एवढी माझी सरकारदरबारी विनंती आहे.