फेसाचा भाव

उद्याची सकाळ जरा मोकळी ठेवा. फार नको, दहा-बारा मिनिटं पुरेत. एक मग कोमट पाणी, ब्रश, एक वाटी, आणि घरात असेल तो दाढीचा साबण. किराणा दुकानातला असला तरी चालेल. कुणी परदेशातून आणलेली, लाकडी डबीतली वडी असेल तर तीही चालेल. सोबत प्रश्न एकच घ्यायचा: ज्या वडीला हजार-दीड हजार मोजावे लागतात, ती तेवढ्याची असते का? उत्तराची घाई करू नका. आधी चेहरा ओला करू.

हा प्रश्न छावणीत बसून विचारायला बरा. संभाजीनगरच्या पश्चिमेला, खाम नदीपलीकडे, दौलताबाद-वेरूळच्या वाटेवरच्या या वस्तीत दाढीची दोन पंचांगं शेजारी शेजारी नांदतात. बाजारपेठेतल्या माणसाला वार असतो. गुरुवारी इथला आठवडी बाजार भरतो, आणि त्याच गुरुवारी दत्ताचा वार म्हणून गालाला ब्लेड न लावणारे घरोघरी आहेत. कुणाला सोमवार चालत नाही, कुणाला शनिवार, श्रावणात तर महिनाभर सुट्टी. फौजीला मात्र वार नाही. शिखांसारखे अपवाद सोडले तर जवानाला रोज गुळगुळीत गाल घेऊन हजेरीला उभं राहायचं असतं. आठवड्यातून दोनदा दाढी करणाऱ्याचा आणि रोज करणाऱ्याचा साबणाचा हिशेब एक कसा असेल? तुम्ही यातले कोण, ते आधी ठरवून ठेवा. पुढे लागेल.

आता पाणी. तळहातात घेऊन गालांवर, हनुवटीवर, गळ्यावर दाबा आणि थांबा. पुन्हा घ्या, पुन्हा थांबा. दाढीचा कोरडा केस भलता चिवट असतो. पाणी प्यायला की तो फुगतो, नरम पडतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. एवढ्या वेळात काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आपल्यातले बहुतेक जण नेमके इथेच घाई करतात आणि मग जळजळ झाली की साबणाला शिव्या देतात.

थांबलाच आहात तर मगातल्या पाण्याकडे बघा. ते कुठून आलं? नळाचं जायकवाडीचं असेल. पण या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये कितीतरी दिवस जातात. मग टाकीत बोअरचं मिसळतं, टँकरचं मिसळतं. काळ्या पाषाणातून वर आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. बादलीच्या काठावरची पांढरी पुटं, गिझरच्या कॉइलवरचा थर, सगळी त्यांचीच करणी. शाळेत आपण याला दुष्फेन पाणी म्हणायला शिकलो, परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं आणि विसरलो. साबण या पाण्यात पडला की त्यातला काही भाग कॅल्शियमशी बांधला जातो आणि न विरघळणारा साका होतो. वाटीत फेसाऐवजी राखाडी चोथा दिसतो तो हाच. कॅल्शियमला डबीवरचं नाव वाचता येत नाही. दीड हजारांची वडी असो नाहीतर तिसाची, दोन्हींचा साका सारखाच.

म्हणून एक छोटं काम सांगतो. उद्या अर्धी वाटी पाणी पिण्याच्या आरओ फिल्टरमधून घ्या. पावसाळा असेल तर पागोळीचं धरा. त्याच साबणाचा, त्याच ब्रशने फेस करा आणि कालच्याशी ताडून बघा. फरक बोटांना कळेल. वाटीभर पाण्याला पैसा लागत नाही. माझा अंदाज असा की महाग साबण घेऊन खूश झालेल्या कितीतरी जणांना खरं सुख एवढ्यानेही मिळालं असतं.

आता ब्रश. मुठीत धरून पाण्यात बुडवा, झटका, आणि वडीवर गोल फिरवा. दाबू नका. केसांची टोकंच साबणाला लागू द्या. वीस-तीस फेऱ्यांनंतर ब्रशच्या टोकाला दाट साय धरल्यासारखी दिसेल. तिच्यात थेंब-थेंब पाणी घालत वाटीत घोटत राहा. सुरुवातीला मोठे, फुटके बुडबुडे येतील. घोटत राहिलात की ते बारीक होत जातात, मग डोळ्याला वेगळे दिसेनासे होतात, आणि फेसावर चमक येते. ही चमक म्हणजे फेसाने पाणी धरलं. फेसाचं काम तेवढंच: भिजलेल्या केसावर पाणी टिकवायचं आणि ब्लेडला घसरायला जागा द्यायची. उंच, कोरडा, बर्फासारखा फेस आरशात छान दिसतो, पण त्यात बहुतेक हवा असते. दाबून फुसकन बाहेर पडणाऱ्या डब्यातल्या फेसाचं तेच रडगाणं.

छावणीत ब्रशवरून एक जुनी गोष्ट आठवायलाच हवी. पहिल्या महायुद्धात दाढीच्या ब्रशसाठी बॅजरचे केस मिळेनात, म्हणून घोड्याचे केस तसेच रंगवून वापरात आले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्या ब्रशांनी ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांच्या गालांवर अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, पोचवली. काही जण त्यात दगावले. रोज दाढी करण्याची सवयही त्याच युद्धाने पक्की केली. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, खुंट आडवे आले की फट राहते. 1918 मध्ये अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी जिलेटकडून पस्तीस लाख रेझर घेतले. त्याआधी, 1916 पर्यंत, ब्रिटिश सैनिकाला वरचा ओठ भादरायची परवानगीच नव्हती. मिशी ही गणवेशाचा भाग होती! म्हणजे आज जी जाहिरात आपल्याला ‘परंपरेचा सुगंध’ विकते, त्या परंपरेचं वय शंभर वर्षांच्या जरा पुढे, आणि तिचा जन्म खंदकातल्या चिखलातला.

फेस गालावर लावा आणि ब्रश गोल फिरवत केस उभे करा. इथे जरा वेळ काढा. या घडीला तुमच्या गालावर नेमकं काय आहे, त्याचा विचार करू.

चांगल्या दाढीच्या साबणाचं मूळ म्हणजे स्टिअरिक आम्ल. ते पोटॅश आणि थोड्या कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवतात. पोटॅशमुळे साबण नरम आणि चटकन विरघळणारा होतो, सोड्यामुळे वडीला आकार राहतो. स्टिअरिक आम्लामुळे फेस दाट होतो आणि गालावर असतानाच वाळून बसत नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. खोबरेल असेल तर फेस पटकन आणि भरपूर येतो, पण जास्त झालं तर कातडी ओढल्यासारखी कोरडी होते. बास, एवढंच सामान. यात दुर्मीळ असं काही नाही. स्टिअरिक आम्ल पामतेलातून निघतं आणि मेणबत्तीवालाही तेच विकत घेतो.

जुन्या इंग्रजी साबणांत हे आम्ल जनावरांच्या चरबीतून येई. आजही काही नावाजलेल्या वड्या चरबीच्या असतात, आणि फेसाचे शौकीन त्यांची वाखाणणी करतात. आपल्याकडे हा विषय वेगळा आहे. कुलपं करणाऱ्या गोदरेजांनी 1918-19 च्या सुमारास ‘चावी’ नावाचा साबण काढला तो वनस्पती तेलांचा, आणि चरबी नसणं हाच त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला. 1983 मध्ये आयात चरबीवरून देशभर गदारोळ उठला आणि सरकारने ती आयात बंद केली. तेव्हापासून इथला साबण मुख्यतः वनस्पती तेलांवर चालतो. बाहेरची वडी घेणार असाल तर घटकांत ‘टॅलोएट’ शब्द शोधा. तो दिसला तर चरबी. देवघर आणि न्हाणीघर यांत एका भिंतीचं अंतर असणाऱ्या घराला हे माहीत असावं. मग घ्यायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

ब्लेड उचला. केसांच्या दिशेने, हलक्या हाताने, पहिला हात. कानशिलापासून खाली. रेझर ओढू नका, त्याच्या वजनानेच उतरू द्या. आवाज ऐका: भिजलेल्या केसाचा आवाज बारीक आणि सलग येतो, कोरड्या केसाचा करकरीत. आवाज बदलला तर थांबा, तिथे पुन्हा ब्रश फिरवा. मग दुसरा हात आडवा. उलटा हात मारायचा मोह होतो, पण गळ्यावर पुरळ येणाऱ्यांनी तो आवरावा.

हात थांबला की न्हाव्याची आठवण काढा. मराठवाड्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत जा, त्याची हत्यारं तीच: ब्लेड मधोमध मोडून वस्तऱ्यात अर्धं पातं अडकवायचं, प्लास्टिकच्या वाटीत साधा साबण किंवा ट्यूबमधलं बोटभर क्रीम, आणि शेवटी तुरटीचा ओला खडा. त्याचा साबण स्वस्त असतो, तरी दाढी आपल्यापेक्षा घोटीव होते. कारण तो ब्रश फिरवतो तो आपल्यापेक्षा जास्त वेळ. बोलता बोलता, रेडिओ ऐकता ऐकता, गिऱ्हाइकाच्या गालावर ब्रश चालूच असतो. ती बडबड म्हणजे केस भिजण्याची वेळ. महाग साबणाच्या डबीवर हीच वेळ सुंदर अक्षरांत छापलेली असते: सावकाश घ्या, गोल फिरवा, आनंद घ्या. डबी घेतलेला माणूस ते ऐकतो, कारण पैसे मोजलेले असतात. तिसाच्या वडीवर असं काही लिहिलेलं नसतं, म्हणून तिला आपण दोन फेऱ्यांत उरकतो.

आता डोळे मिटा आणि वास घ्या. इथे महाग साबणाची बाजू खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. स्वस्त साबणाचा वास एकसुरी, डोक्यात जाणारा असू शकतो. चांगला सुगंध उलगडत जातो: आधी लिंबाची साल, मग लवंग, मागे चंदन किंवा ओलं लाकूड. सुगंधी द्रव्यं महाग असतात, त्यांचं मिश्रण जमायला कसब लागतं. रुळांतून पुन्हा पुन्हा दाबून काढलेली घट्ट वडी जास्त टिकते, आणि त्या कामाचेही पैसे लागतात. पण साबणाचा वास तोंड धुतलं की मोरीत जातो. दाढी चालू असतानाची काही मिनिटं, तेवढंच त्याचं आयुष्य. त्या मिनिटांसाठी पैसे मोजायला हरकत काहीच नाही. फक्त आपण कशासाठी मोजतोय ते नाकाला विचारून मोजावे, गालाला नको.

तोंड धुवा, तुरटी फिरवा, थंड पाणी मारा. आता हिशेब.

समजा दाढीला एक ग्रॅम साबण लागतो. ब्रश वापरणाऱ्याला बहुधा कमीच लागतो, पण धरून चालू. शंभर ग्रॅमची वडी दीड हजारांची, तर एका दाढीचे पंधरा रुपये. सत्तर ग्रॅमची ट्यूब शंभराची, तर दीड रुपयाच्या आत. रोज दाढी करणाऱ्या फौजीला वर्षाला पाच हजारांच्या आसपास फरक पडतो. आठवड्यातून दोनदा करणाऱ्याला चौदाशेच्या घरात. सप्टेंबर 2025 पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, त्यामुळे ट्यूब आणखी परवडू लागली. त्या पाच हजारांत उत्तम ब्रश, पितळी रेझर आणि वर्षभराची ब्लेडं येतात, वर पैसे उरतात. ब्रश आणि रेझर तर कितीतरी वर्षं चालतात.

हिशेब इथे संपायला हवा, पण आपल्याच घरातला मोती साबण मध्ये येतो. वर्षभर साध्या वडीने अंघोळ करणारं काटकसरी घर दिवाळीला तो जाडजूड गोल साबण आणतं, उटण्याशेजारी ठेवतं, आणि त्याचा दर ग्रॅमला किती पडला हे कुणी विचारत नाही. महाग साबण कसा वापरायचा ही रीत आपल्याला ठाऊक आहे. तो रोजच्यासाठी नसतो. पाडव्याच्या सकाळी, मुलीच्या लग्नाच्या दिवशी, श्रावण संपल्यावर महिनाभराची दाढी उतरवताना तो बाहेर काढावा. अशी वडी कित्येक वर्षं पुरते. हवेशीर, कोरडी ठेवली तर खराबही होत नाही, वास तेवढा थोडा उतरतो. मग पंधरा रुपयांची दाढी खर्चिक वाटत नाही.

माझा कौल असा. रोज दाढी करत असाल तर हजाराची वडी घेऊ नका. ती केस जास्त चांगले कापत नाही, आणि बोअरच्या पाण्यात तर तिचा फेसही पुरता होत नाही. आधी पाणी बदला, मग बरा ब्रश घ्या. दुकानात डबी उलटी करून घटक वाचा: सुरुवातीच्या नावांत स्टिअरिक आम्ल किंवा पोटॅशियम स्टिअरेट, पुढे ग्लिसरीन, आणि शेवटाकडे ईडीटीए. शेवटचं हे नाव जड पाण्यातले क्षार बांधून ठेवणाऱ्या द्रव्याचं, आणि आपल्या भागात त्याचा उपयोग होतो. हे सगळं शंभराच्या आतल्या ट्यूबमध्येही सापडतं. सापडलं तर तीच घ्या, आणि तिला डबीवाल्यांनी सांगितलेली दहा मिनिटं द्या.