ओल आणि रंगसफेदी



घर विकायला काढले की आपण आधी रंगाऱ्याला बोलावतो. माळ्यावरची अडगळ निघते, गळका नळ दुरुस्त होतो, गिऱ्हाईक येण्यापूर्वी खिडक्या उघडल्या जातात. यात गैर काही नाही. पाहुण्यांसाठीही आपण घर आवरतोच.

पण गेल्या पावसाळ्यात फुगलेल्या भिंतीवर रंग चढवला आणि वर कपाटही तिथे सरकवले, तर त्याला आवरणे म्हणावे का? "त्यांनी विचारलं तर सांगू ना, फादर!" हे उत्तर आपल्याकडे ठरलेले.

हा युक्तिवाद फार जुना आहे. इ.स.पूर्व ४४ मध्ये सिसेरोने कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात नेमके हेच उदाहरण घेतले. घर रोगट आहे, लाकूड कुचकामी आहे, आणि हे मालकाखेरीज कुणालाच ठाऊक नाही. बॅबिलोनच्या डायोजेनीजच्या मते न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणे, सांगायलाच हवे. सिसेरोने कौल शिष्याला दिला.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एक उपयोगी भेद केला. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसते. किंमत त्या मानाने लावली म्हणजे झाले, बोलून दाखवण्याची सक्ती नाही. नुकसान करणारा छुपा दोष मात्र सांगितलाच पाहिजे. आपल्या देशातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ जवळजवळ हेच सांगते.

तेव्हा जुनी फरशी, लहान स्वयंपाकघर यांविषयी गप्प राहिलो तरी चालेल. पण एप्रिलमध्ये कोरडी असलेली भिंत जुलैत पाझरते, विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ होते, हे घेणाऱ्याला कसे कळावे? आणि कपाट सरकवणे हे तर मौनही नव्हे, ती कृती झाली.

विकणाऱ्याची अडचण आम्हांला कळते. मुलीचे लग्न, इस्पितळाचे बिल; हौसेने घर कोण विकतो? ओल सांगितली की भाव पडतो. पण घेणाऱ्याच्या घराला आशीर्वाद द्यायलाही आम्हीच जातो. वीस वर्षांचे कर्ज काढलेले ते कुटुंब पहिल्या पावसात त्याच भिंतीखाली बादली ठेवते.

भिंत दुरुस्त करून मग रंग द्यावा आणि केलेले काम सांगावे. पैसे नसतील तर डाग राहू द्यावा आणि भाव तसा बोलावा. कपाट मात्र जिथे होते तिथेच असू द्या.