बंधुभाव : भावना की हक्क?

वाचकहो, ‘मुस्लिमांनी एक व्हावे’ हे वाक्य आपण जलशांत, निकाहाच्या मंडपात आणि शुक्रवारच्या खुत्ब्यात असंख्य वेळा ऐकले आहे. त्याला विरोध कोणीच करीत नाही आणि ते ऐकून घरी गेल्यावर कोणाच्या वर्तनात फारसा फरकही पडत नाही. याचे एक कारण असे की, एकी कशाच्या आधारे आणि कशासाठी, हा प्रश्न आपण विचारतच नाही. एकी हा स्वतःच एक सद्गुण आहे काय? दरोडेखोरांच्या टोळीतही एकी असते. ते लूट वाटून घेतात, साथीदारासाठी जीव धोक्यात घालतात, पकडले गेले तरी त्याचे नाव घेत नाहीत. तरीही त्या एकीला कोणी नेकी म्हणत नाही.

पवित्र कुरआनच्या सूरह आलि इमरानमधील 103 व्या आयतीत एकजुटीचा आदेश आहे. त्याची रचना विचार करण्यासारखी आहे. एकमेकांचे हात धरा, असे तेथे सांगितलेले नाही. सर्वांनी मिळून अल्लाहची दोरी बळकट धरावी आणि फाटाफूट करू नये, असे सांगितले आहे. म्हणजे दोन माणसांच्या मध्ये तिसरी एक गोष्ट आहे, जी दोघांपेक्षाही मोठी आहे. दोघे तिला धरून आहेत म्हणून ते परस्परांच्या जवळ आहेत. दोरी सुटली, तर उरतो तो केवळ जमाव.

हीच आयत पुढे श्रद्धावंतांना त्यांच्या जुन्या वैराची आठवण करून देते. मदीनेतील औस आणि खजरज या टोळ्या पिढ्यान् पिढ्या लढत आल्या होत्या. बुआसची रक्तरंजित लढाई हिजरतीच्या काही वर्षे आधीच झाली होती. ज्यांच्या घरांत त्या लढाईतील मृतांचा शोक अजून ताजा होता, त्याच लोकांना पुढे ‘अन्सार’ म्हणजे साहाय्यकर्ते हे एकच नाव मिळाले. मने जुळली ती अल्लाहच्या कृपेने. परंतु जुळलेली मने टिकावीत म्हणून आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केवळ उपदेश केला नाही, तर व्यवस्था उभारली.

ती व्यवस्था म्हणजे ‘मुआखात’. मक्केतून घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांना एकेका अन्सारीचे भाऊ ठरविण्यात आले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सअद (रजि.) यांच्यासाठी बरकतीची दुआ केली आणि बाजार कोठे आहे, एवढेच विचारले. मग तूप आणि पनीर यांचा व्यापार करून ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. या प्रसंगात देणाऱ्याचे औदार्य आपण नेहमी सांगतो. घेणाऱ्याचा स्वाभिमानही तितकाच महत्त्वाचा आहे. एकाने हात आखडला नाही आणि दुसऱ्याने त्या हाताचा गैरफायदा घेतला नाही. बंधुत्वाला ही दोन्ही टोके लागतात.

या भावांना आरंभी एकमेकांचा वारसाहक्कही होता. पुढे सूरह अन्फालच्या अखेरच्या आयतीने वारसा रक्ताच्या नातेवाइकांकडे परत गेला. कायद्याचे बंधन संपले, पण बंधुत्व संपले नाही. श्रद्धेचे नाते रक्ताच्या नात्याचा हक्क हिरावून घेत नाही, हेही यातून स्पष्ट झाले.

आता याच्या नेमका उलट प्रसंग पाहा. एका मोहिमेत एका मुहाजिराने एका अन्सारीला मागून मारले. क्षणार्धात एकाने अन्सारना हाक दिली, दुसऱ्याने मुहाजिरांना. प्रेषितांनी (स.) ती हाक अज्ञानकाळातील ठरविली आणि तिला दुर्गंधीयुक्त म्हणून सोडून देण्यास सांगितले. येथे थोडे थांबा. ‘अन्सार’ आणि ‘मुहाजिर’ ही काही पाखंडाची नावे नव्हती. खुद्द कुरआनने गौरविलेली ती नावे आहेत. तरीही न्याय-अन्याय न पाहता आपली माणसे गोळा करण्यासाठी ती वापरली गेली, तेव्हा ती पवित्र नावेही अज्ञानाची घोषणा ठरली.

मग बागवान, आतार, तांबोळी, पिंजारी, मोमीन या आपल्या बिरादऱ्यांचे काय? धंद्यावरून वा घराण्यावरून ओळख असणे गैर नाही. सूरह हुजुरातनुसार कुळे आणि जमाती परस्पर ओळखीसाठीच आहेत. परंतु सोयरीक जुळविताना दीन आणि चारित्र्याआधी बिरादरी विचारली जाते, एका मसलकचा माणूस दुसऱ्या मसलकच्या मशिदीत पाऊल ठेवताना बिचकतो, विश्वस्त निवडताना पात्रतेऐवजी गट मोजला जातो, तेव्हा आपण तीच जुनी हाक नव्या शब्दांत देत असतो.

यावर काही जाणती माणसे एक गंभीर आक्षेप घेतात. दिवस कठीण आहेत, अशा वेळी आपल्यातील दोष उघड करू नयेत, एकीसाठी मौन पाळावे, असे त्यांचे म्हणणे असते. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. आपल्या भावाच्या दोषावर पांघरूण घालण्याची शिकवण हदीसमध्ये आहेच. परंतु कोणाचे वैयक्तिक पाप झाकणे वेगळे आणि कोणावर झालेला अन्याय झाकणे वेगळे. पहिल्यात एका माणसाची अब्रू वाचते. दुसऱ्यात पीडिताचा हक्क बुडतो, आणि तो क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. बहिणीचा वारसा दाबणाऱ्या भावाबद्दल, मजुराची मजुरी अडविणाऱ्या कारखानदाराबद्दल, वक्फची जमीन गिळणाऱ्या प्रतिष्ठिताबद्दल बाळगलेले मौन म्हणजे एकी नव्हे.

सूरह निसाच्या 105 व्या आयतीपासूनच्या प्रसंगाबद्दल भाष्यकारांनी नोंदविले आहे की, मुस्लिम म्हणविणाऱ्या एकाने चोरी करून तिचा आळ एका यहुदी माणसावर घातला आणि त्याच्या कुळातील लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. दिव्य अवतरणाने त्या यहुदीचे निर्दोषत्व प्रकट केले. मदीनेचा समाज तेव्हा बाल्यावस्थेत होता, शत्रूंनी वेढलेला होता. एकीची गरज त्याच्याइतकी कोणाला असेल? तरीही ती एकी निरपराध माणसाच्या हक्काची किंमत देऊन विकत घेतली गेली नाही. भाऊ अत्याचारी असेल, तर त्याला मदत कशी करावी, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) त्याचा हात रोखण्यास सांगितले. रोखणे हीच त्याची मदत.

मग मजबूत नाते रोजच्या जीवनात कसे घडते? हदीसमध्ये मुस्लिमाचे मुस्लिमावरील हक्क मोजून दिले आहेत : भेटल्यावर सलाम, आमंत्रणाचा स्वीकार, मागितल्यास प्रामाणिक सल्ला, शिंकून अल्लाहची स्तुती करणाऱ्यासाठी दुआ, आजारपणात विचारपूस, मृत्यूनंतर जनाजाची सोबत. यांत एकही भव्य गोष्ट नाही. आपल्याकडे जनाजाला गर्दी होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तोच माणूस सहा महिने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्या गर्दीतील किती जण त्याच्या उंबरठ्यावर गेले होते?

भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे वैध नाही, असेही आपल्याला शिकविले आहे. राग येणे मानवी आहे, म्हणून तीन दिवसांची सवलत आहे. आपल्याकडे मात्र एका बांधासाठी, एका भिंतीसाठी दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकाच सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि सलाम फेरल्यावर दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात.

वाचक बंधू-भगिनींनो, समाजाच्या एकीची चर्चा मोठ्या परिषदांवर सोडून द्या. आपल्या ओळखीत असा एक अबोला असेल, अडवलेला एक वाटा असेल, विसरलेला एक रुग्ण असेल. त्यांतील एका गोष्टीला या शुक्रवारपूर्वी हात घाला. पहिला सलाम करणाऱ्यालाच हदीसने श्रेष्ठ म्हटले आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना एकमेकांचे हक्क ओळखण्याची आणि ते अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.