मोजलेले आणि तोललेले



समजा, तुमचा मुलगा किंवा भाची एखाद्या महाविद्यालयात अध्यापक आहे. बढतीचा अर्ज भरावयाचा आहे. अर्जात विचारले आहे: आजवर किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले, आणि इतर संशोधकांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला? अशा वेळी एक स्नेही सुचवितो, "माझ्या निबंधावर तुझे नाव घालतो, तुझ्या निबंधावर माझे घाल, शिवाय एकमेकांचे संदर्भ देत जाऊ. यात कोणाचे काय बिघडते?" घरखर्च वाढलेला आहे, बढती दोनदा हुकलेली आहे. तुम्ही काय सल्ला द्याल?

उत्तर देण्यापूर्वी हे माप आले कोठून ते पाहू. अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली अशी कल्पना मांडली की, कोणत्या निबंधाचा संदर्भ पुढे कोणकोणत्या निबंधांत आला याची सूची करावी. एखाद्या विचाराचे पुढे काय झाले, त्यावर कोणी आक्षेप घेतले, हे अभ्यासकाला शोधता यावे, हा त्यामागील मूळ हेतू. १९६४ साली त्यांच्या संस्थेने विज्ञानातील अशी सूची प्रसिद्ध केली. वाट दाखविण्यासाठी केलेले हे साधन हळूहळू माणसे मोजण्याचे साधन झाले. २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तर संशोधकाचे सर्व कार्य एकाच अंकात सांगणारा निर्देशांक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा संदर्भ आला आहे, त्याचा अंक वीस. आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या निबंधांना गुण देण्याची पद्धत घालून दिली. मागणी वाढली तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. २०१८ साली आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढून टाकावी लागली.

तरीही केवळ अंकांना दोष देणे न्याय्य होणार नाही. अंक आले ते वशिल्यावर उतारा म्हणून. ज्याचा कोणी काका समितीवर नाही, अशा खेड्यातून आलेल्या मुलीला अंक हाच आधार असतो. पवित्र शास्त्रातही मोशेने लोकांची गणती केली ती देवाच्या आज्ञेने. दाविदाने केली तेव्हा मात्र ती पाप ठरली. तेव्हा दोष मोजण्यात नाही. मोजून हाती आलेल्या आकड्यावर आपण कसला भरवसा ठेवतो, यात तो असू शकतो.

आता एका माणसाचे कार्य या मापाने मोजून पाहू. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. व्यवसायाने ते गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. १९४३ साली त्यांनी संख्याशास्त्रातील एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. पुष्कळ पुस्तकांत तो आजही कार्हुनेन आणि लोएव्ह या दोघांच्याच नावाने सापडतो, जरी कोसंबींचा निबंध त्यांच्या निबंधांच्या आधीचा आहे. १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र दिले. वनस्पतींच्या जनुकांचे नकाशे करणारे शास्त्रज्ञ ते आजही वापरतात. पण वापरणारा प्रत्येक जण मूळ निबंधाचा उल्लेख करतोच असे नाही. १९४८ साली त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला.

हे सर्व एका अंकात कसे बसवावे? गणितात एका निबंधाखाली थोडेच संदर्भ असतात, जीवशास्त्रात पुष्कळ. संस्कृतच्या संपादकाची चाल आणखी निराळी. हर्श यांनी स्वतःच नमूद केले होते की, निरनिराळ्या शास्त्रांतील अंकांची सरळ तुलना होऊ शकत नाही. शिवाय कोसंबींच्या हातून चूकही झाली. १९५९ साली त्यांनी कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात रीमानचे सुप्रसिद्ध गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला. तो टिकला नाही आणि त्यांच्या कीर्तीला धक्का बसला. चुकीच्या निबंधाचाही संदर्भ दिला जातो, आणि मोजणाऱ्या यंत्राला स्तुती व खंडन यांतला भेद कळत नाही.

याच कोसंबींनी तक्षशिलेला सापडलेली प्राचीन आहत नाणी तराजूवर तोलली होती. त्यांचा विचार साधा होता. नाणे हातोहाती फिरते तसे ते झिजते. म्हणून वजनातील घट पाहून ते किती काळ चलनात होते, हे सांगता येईल. वाचकहो, यावर क्षणभर थांबा. जे नाणे पेटीत पडून राहिले, ते वजनाला पूर्ण भरते. जे बाजारात हजारो हातांच्या उपयोगी पडले, ते हलके होते आणि त्याच्यावरचा ठसाही पुसट होतो. ज्ञानाचेही तसेच आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले की, एखादी कल्पना सर्वांच्या अंगवळणी पडली की तिच्या कर्त्याचे नाव गळून पडते. ज्याचा उपयोग सर्वांत अधिक, त्याची नोंद कधी कधी सर्वांत कमी!

मंदिराच्या भांडारासमोर बसलेल्या प्रभूनेही नाणी पाहिली होती. श्रीमंतांची नाणी मोजावी तर पुष्कळ, विधवेच्या टोल्या फक्त दोन. त्याने मोजले नाही, तोलले.

आता त्या अध्यापकाकडे परत येऊ. संदर्भ देणे म्हणजे काय? "हे मी अमक्याकडून घेतले, मी त्याचा ऋणी आहे," अशी ती साक्ष असते. न घेतलेल्या ऋणाची कबुली देणे आणि न केलेल्या श्रमावर नाव घालणे, ही खोटी साक्ष आहे. "कोणाचे काही बिघडत नाही" हे म्हणणेही खरे नाही. ती जागा ज्या प्रामाणिक उमेदवाराला मिळावयाची, त्याचे बिघडते. आणि त्या निबंधावर विसंबून पुढचे काम करणाऱ्याचेही. म्हणून सल्ला एकच: बढती पुन्हा हुकली तरी चालेल, पण ही साक्ष देऊ नकोस. हे सांगताना त्याच्या घरची ओढाताण हलकी होत नाही, हे मी जाणतो. त्यामुळेच उरलेले ओझे आपल्यावर येते. तुमच्यापैकी कोणी निवड समितीवर बसत असाल, तर उमेदवाराचा अंक पाहण्याआधी त्याचा एक तरी निबंध वाचा. कोणी मार्गदर्शक असाल, तर विद्यार्थ्याच्या श्रमावर आपले नाव घालण्यापूर्वी स्वतःला विचारा. आणि आईवडील असाल, तर लेकराला "किती झाले?" असे विचारण्याआधी "काय केलेस?" असे विचारा.

मोजणे सोपे आहे, कारण ते लांबूनही करता येते. तोलावयाचे तर वस्तू हातात घ्यावी लागते.