विनावेतन सेवेचा जाब

जो मोबदला घेत नाही, त्याला जाब विचारता येतो काय? स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या छोट्या टेनिस क्लबातही हा प्रश्न उभा राहतो. ठरल्या वेळी फाटक उघडले नाही, तर मुले रॅकेट घेऊन बाहेर ताटकळतात. ‘मी कुठे पगार घेतो?’ एवढे उत्तर पुरेसे आहे काय?

लंडनच्या विम्बल्डन येथील क्लबाने १८७७ साली पहिली स्पर्धा भरविली, ती तट्टाने ओढायच्या रुळाच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते म्हणून. २२ खेळाडूंनी नावे नोंदविली. सभासदांच्याच समितीने नियम ठरविले. एकेरीच्या मैदानाचे ७८ फूट लांबी व २७ फूट रुंदी हे माप आजही तेच आहे. हौस होती, परंतु माप काटेकोर होते.

शब्द देण्यापूर्वी मनुष्य स्वतंत्र असतो. शब्द दिल्यावर तो वेळ त्याचा राहत नाही. म्हणून जाब विचारणे हा सेवेचा अपमान नव्हे, तो तिचा मान होय. मात्र सभासदांवरही ऋण येते. तीच दोन माणसे वर्षानुवर्षे राबत असतील, तर त्यांना वेळीच मोकळे केले पाहिजे. वेतन न घेतल्याने कोणी क्लबाचा मालक होत नाही. तसाच तो इतरांचा गडीही होत नाही.