उन्हाची झळ कोणाच्या वाट्याला?

चैत्र सरत आला की शिरूरला घोडनदीच्या पात्रातले खडक तापू लागतात, आणि तिकडे दौंडला भीमेच्या काठी दुपारी चिटपाखरू दिसेनासे होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. मे महिन्यात येथे पारा चाळिशीपार जाणे नवलाचे नाही. अशाच एका दुपारी एका आजारी धर्मग्रामस्थाला कम्युनियन देण्यासाठी गेलो असता त्या घरातील ऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "फादर, आम्ही काय एसीवाचून मेलो का? सगळं सोसलं." मी मान डोलावली. परतताना मात्र तो शब्द मनात सलत राहिला. सोसले, असे कोण सांगतो? जो उरला तो.

आजींचे म्हणणे खोटे होते असे नव्हे. या भागातील जुनी धाब्याची घरे आठवा. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींतून ऊन आत पोहोचेपर्यंत सूर्य कलायचा. रात्री त्या भिंती तापलेला श्वास सोडू लागत, तेव्हा घरातली माणसे अंगणात बाजा टाकून निजलेली असत. शेतातले काम झुंजुमुंजू होताच सुरू होई, दुपार लिंबाखाली जाई, आणि उन्हे कलल्यावर पुन्हा औत जुंपले जाई. पन्ह्यातले मीठ घामावाटे गेलेले मीठ भरून काढी. माठाचे शास्त्र तर फारच सुंदर आहे. मातीतून पाझरलेले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी वाळले तर सुमारे ५८० किलोकॅलरी. आपला घामही याच नियमाने आपल्याला वाचवतो. हवा कोरडी असली तरच हे साधते, म्हणून दौंडचा माठ जसा गार होतो तसा वसईचा होत नाही, हे किनाऱ्यावरील वाचक जाणतातच.

परंतु या गारव्याचा हिशेब पुरता मांडायला हवा. माठातले पाणी बाईच्या डोक्यावरून आले होते, तेही विहिरी तळाला गेलेल्या दिवसांत. १९७२च्या दुष्काळात लिंबाखालची दुपार कोणाला लाभली? दुष्काळी कामांवर बाया भर उन्हात खडी फोडत होत्या. पाणपोई हे आपल्याकडे मोठे पुण्याचे काम. पण त्याच पुण्याच्या ठिकाणी काहींना ओंजळ पुढे करून लांबून ओतलेले पाणी प्यावे लागे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा प्रश्न तहानेइतकाच माणुसकीचा होता. घोडनदीला एके काळी इंग्रजी फौजेची छावणी होती. अशा छावण्यांतल्या बंगल्यांत साहेब पंख्याखाली झोपे आणि पंख्याची दोरी ओढणारा बाहेर व्हरांड्यात घाम गाळी. जे उन्हाने गेले त्यांच्या नावापुढे ऊन हे कारण क्वचितच लिहिले गेले असेल. आजही तसेच घडते. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ माणसे अधिक दगावली, हे इतर वर्षांच्या मृत्यूंशी ताळा घातल्यावर उमगले.

मग यंत्र आले. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते योजले. माणसांसाठी नव्हे, दमट हवेने कागद बिघडत होता म्हणून! हे यंत्र गारवा निर्माण करीत नाही. ते खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि विजेची उष्णता तीत मिसळते. साधारण तीन भाग आतून काढले तर चार भाग गल्लीत पडतात. पंख्याची दोरी ओढणारा दिसत तरी होता. येथे सोसणारा भिंतीपलीकडे असतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वाढत्या वातानुकूलनाचा मुद्दाम उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

म्हणून यंत्र फेकून द्यावे काय? वृद्धाला, हृदयरोग्याला, तान्ह्या बाळाला ते जीवदान आहे. त्यांना सोसण्याचा उपदेश करणे ही क्रूरता होईल. मला टोचते ते निराळेच. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावर मी कितीदा तरी प्रवचन केले आहे, तेही पंख्याखाली उभे राहून. दिवसभराचे ऊन सोसले, ही त्या मजुरांची तक्रार मी दर वेळी मत्सर म्हणून निकालात काढली. मळेवाला उदार होता हे खरेच. पण ते ऊनही खरे होते, यावर मी कधी थांबलो नाही. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर मे महिन्यातही चुलवाणात चिपाडे सारणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्यासमोर तो दाखला पुन्हा सांगायचा झाला तर कोठून सुरुवात करावी, मला कळत नाही.

आता माझे स्वतःचे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर धर्मग्रामस्थांनी प्रेमाने माझ्या खोलीत एसी बसवला. बाहेरचा खोका मागच्या भिंतीवर आला. तेथेच चर्चच्या सेवकाचे कुटुंब उन्हाळ्यात बाज टाकी. बाज हलली आहे हे ध्यानात यायला मला दोन उन्हाळे लागले. विचारले तेव्हा त्याची पत्नी म्हणाली, "तिकडं गरम वारा येतो, फादर." पावसापाण्याविषयी बोलावे तसे बोलली, तक्रारीचा सूर नव्हता. खोका गच्चीवर हलवला. बाज जुन्या जागी आली.

तेवढ्यावर समाधान मानवेना, म्हणून एप्रिलमध्ये धर्मग्राम मंडळापुढे एक सूचना ठेवली. आपल्या सभागृहाच्या भिंती जाड दगडी आहेत, पंखेही आहेत. चार माठ भरून ते दुपारी बारा ते चार रस्त्यावरील मजुरांसाठी, कोणत्याही धर्माच्या, उघडे ठेवावे. सूचना सर्वांना आवडली. मग कोणी विजेच्या बिलाचे विचारले, कोणी फरशीचे, कोणी सभागृहाला कुलूप कोण लावणार याचे. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. ती सभा जूनमध्ये आहे.